कोर्स फुकट आहे, मग पूर्ण काहून होत नाही?

दरवर्षी जानेवारी आणि जुलैच्या सत्रासाठी एनपीटीईएलच्या म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सची नोंदणी सुरू झाली की पोट्टे माझ्या टेबलापाशी गोळा होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, सर फुकट आहे ना? हो रे बाबा फुकट आहे. मग लगेच, सर सोपा कोणता आहे? यात शिकवतात काय हे विचारणारा एखादाच निघतो. मी नागपुरात हिंगण्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये शिकवतो आणि या ऑनलाइन कोर्सचं कॉर्डिनेशन गेली काही वर्षं माझ्याच गळ्यात आहे, त्यामुळे कॉलेजच्या पोरांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे मलाच विचारतात की हे काय प्रकरण आहे, फुकटात कोणी काहून शिकवून राहिले, आणि त्याचा उपयोग होतो का. तर एकदा नीट लिहूनच टाकतो.

नेटवर फुकट शिकवायची कल्पना तशी जुनी आहे. २००१ साली अमेरिकेतल्या एमआयटीने जाहीर केलं की आमच्या कोर्सेसच्या नोट्स, असाइनमेंट, परीक्षेचे पेपर आम्ही नेटवर टाकणार आणि एक पैसा घेणार नाही, त्याला ओपन कोर्सवेअर म्हणतात आणि ते आजही चालू आहे. पण ते नुसतं साहित्य होतं, तुम्हीच वाचा, तुम्हीच सोडवा, अडलं तर विचारायला कोणी नाही. आपल्याकडे २००३ मध्ये आयआयटी आणि बंगलोरच्या आयआयएससीने मिळून एनपीटीईएल सुरू केलं, ते पण आधी असंच होतं, प्रोफेसर फळ्यासमोर उभे आणि समोर कॅमेरा. मग २००८ मध्ये कॅनडात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स या दोघांनी मॅनिटोबा विद्यापीठातून एक कोर्स घेतला, त्यात फी भरणारे पंचवीसेक आणि नेटवरून फुकट सामील झालेले सुमारे २,२००. मूक म्हणजे मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स हे नाव त्याच कोर्सच्या निमित्ताने पडलं.

खरा धुरळा उडाला २०११ मध्ये. स्टॅनफर्डचे सेबॅस्टियन थ्रन आणि गूगलचे पीटर नॉर्व्हिग यांनी आपला आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा कोर्स नेटवर सगळ्यांसाठी उघडला तर १,६०,००० लोकांनी नाव नोंदवलं, १९० च्या वर देशांतून, आणि त्यातल्या २३,००० च्या आसपास लोकांनी तो पूर्णही केला. स्टॅनफर्डच्या वर्गात तोच कोर्स घेतलेले २०० विद्यार्थी होते, त्यातलेही बहुतेक हळूहळू वर्गात यायचे बंद झाले आणि रूमवर बसून व्हिडिओ बघायला लागले, म्हणजे लाखो रुपये फी भरणाऱ्यालाही फुकटवालाच बरा वाटला. पुढच्या वर्षी थ्रन यांनी असेच कोर्स देणारी युडॅसिटी काढली, स्टॅनफर्डच्याच अँड्र्यू एन्ग आणि डॅफ्नी कोलर यांनी कोर्सेरा काढली, हार्वर्ड आणि एमआयटीने प्रत्येकी ३ कोटी डॉलर घालून एडएक्स काढली. न्यूयॉर्क टाइम्सने तर २०१२ ला मूकचं वर्षच म्हणून टाकलं. थ्रन साहेब म्हणाले होते की ५० वर्षांत जगात दहाच विद्यापीठं उरतील. उत्साहाच्या भरात माणूस बोलतो, चालायचंच.

आता एकच प्रोफेसर दीड लाख लोकांना शिकवतो म्हणजे नेमकं होते काय हे समजलं पाहिजे, कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे. लेक्चरचे पाच-दहा मिनिटांचे तुकडे करतात, मध्येमध्ये छोटे प्रश्न टाकतात, आठवड्याला एक असाइनमेंट, आणि शंका विचारायला एक फोरम. व्हिडिओ एकदा शूट केला की तो शंभर जणांनी पाहिला काय आणि लाख जणांनी पाहिला काय, खर्चात फार फरक पडत नाही. उत्तरं तपासायचं काम कॉम्प्युटर करतो. म्हणूनच सुरुवातीला बहुतेक कोर्स प्रोग्रामिंगचे, गणिताचे, सर्किटचे होते, कारण तिथे उत्तर एक तर बरोबर असते नाही तर चूक असते. निबंध कसा तपासणार, डिझाइन कसं तपासणार? त्यावर उपाय काढला की विद्यार्थ्यांनीच एकमेकांचं तपासायचं. तुम्ही चार जणांचे पेपर तपासा, तुमचा पेपर दुसरे चार जण तपासतील. कल्पना वाईट नाही, पण तुमचा पेपर ज्याच्या वाट्याला आला त्याला विषय किती कळला आहे आणि त्याने तो वाचला तरी का, हे देवालाच माहीत.

म्हणजे फुकट झालं ते काय, तर लेक्चर. शिकण्यातला जो भाग कॉपी करता येतो तो फुकट झाला. जो कॉपी करता येत नाही, म्हणजे तुमची वही बघून "अरे इथे तू प्लस-मायनसची साइन चुकवलीस" असं सांगणारा माणूस, तो काही फुकट झाला नाही, उलट तो या रचनेतून गायबच झाला. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे, बाकी सगळा तपशील.

आणि संख्या मोठी झाली की साध्या गोष्टी कशा अंगावर येतात त्याचा एक मस्त किस्सा आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोर्सेरावर जॉर्जिया टेकचा एक कोर्स सुरू झाला, विषय काय, तर ऑनलाइन कोर्स कसा घ्यावा! ४०,००० च्या आसपास लोकांनी नाव नोंदवलं. शिकवणाऱ्यांनी ठरवलं की गटागटाने काम करू, आणि गटात नाव टाकायला एक गूगल शीट उघडून दिली. ती शीट एका वेळी मोजक्याच लोकांना एडिट करता येते, इथे हजारो लोक एकदम घुसले, शीट कोसळली, कोणी कोणाची नावं खोडली, आणि पहिल्याच आठवड्यात अख्खा कोर्स बंद करावा लागला. वर्गात ४० पोरांचे गट पाडायला पाच मिनिटं लागतात.

आता आकड्यांकडे येऊ, कारण या विषयावर बोलणारा प्रत्येक जण शेवटी तिथेच येतो. किती लोक कोर्स पूर्ण करतात? २०१९ मध्ये सायन्स या साप्ताहिकात जस्टिन रीच आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंटे या दोघांनी हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या कोर्सचा सहा वर्षांचा हिशेब मांडला, ५६ लाखांवर शिकणारे लोक त्यात होते. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी कोर्स एकदाही उघडलाच नव्हता. २०१७-१८ मध्ये कोर्स पूर्ण करणारे निघाले ३.१३ टक्के. शंभरात तीन! हा आकडा पेपरात आला की लोक म्हणतात, घ्या, फेल गेला प्रकार.

पण थांबा जरा. नागपुरात बर्डीच्या बाजारात फिरायला गेलेल्या प्रत्येकाने साडी घेतलीच पाहिजे असं कुठे आहे? कोणी नुसतं बघायला येते, कोणाला एकच व्हिडिओ हवा असतो, माझे कितीतरी सहकारी दुसऱ्याचं शिकवणं बघायला नाव नोंदवतात आणि दोन लेक्चर बघून निघून जातात, त्यांना नापास म्हणायचं का? नाव नोंदवायला एक क्लिक लागते आणि सोडायला तेवढीही नाही, त्यामुळे भागाकारात खालचा आकडा फुगलेला आहे. त्याच अभ्यासात ज्यांनी सर्टिफिकेटसाठी पैसे भरले होते त्यांच्यातले ४६ टक्के लोक पूर्ण करून गेले. म्हणजे पैसे भरले की माणूस नेटाने बसतो असं वाटते, आणि थोडं खरंही असेल, पण उलटंही असू शकते ना, की ज्याचा आधीपासूनच पक्का इरादा होता त्यानेच पैसे भरले. या दोन गोष्टी वेगळ्या काढणं सोपं नाही, त्यामुळे कोणी म्हणालं की फी लावा मग पोरं शिकतील, तर लगेच मान डोलवू नका.

मला स्वतःला तीन टक्क्यांपेक्षा दुसराच आकडा जास्त बोचतो. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने आपल्या कोर्सेरावरच्या विद्यार्थ्यांचा सर्व्हे केला, त्यात ८३ टक्के लोकांकडे आधीच कॉलेजची डिग्री होती. आणि ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका या देशांतून आलेल्यांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास लोक आपापल्या देशातल्या सगळ्यात श्रीमंत आणि शिकलेल्या सहा टक्क्यांतले होते. जाहिरात काय होती, की गडचिरोलीच्या पोरालाही हार्वर्डचं शिक्षण. आणि येऊन बसले कोण, तर बंगलोरचे सॉफ्टवेअरवाले. त्यात त्यांची काही चूक नाही, त्यांना गरज होती, त्यांनी घेतलं. पण दार सगळ्यांना उघडं ठेवलं की आत सगळे येतात असं होत नाही एवढं तरी यातून कळते.

याचा सगळ्यात कडू अनुभव सॅन होजेला आला. जानेवारी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने युडॅसिटीबरोबर करार केला, गणिताचे आणि स्टॅटिस्टिक्सचे तीन प्राथमिक कोर्स, प्रत्येकी १५० डॉलर, आणि घ्यायचे ते मुद्दाम अशा पोरांना ज्यांचं गणित कच्चं होतं. निकाल लागला तर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पोरं नापास. जुलैत करार थांबवला. उन्हाळ्याच्या बॅचचा निकाल मात्र एकदम सुधारला आणि लोकांना वाटलं जमलं, पण त्या बॅचमध्ये निम्म्याहून जास्त लोक आधीच डिग्रीवाले होते! थोडक्यात ज्याला अभ्यास कसा करायचा हे आधीच येते त्याला हा प्रकार झकास चालतो. ज्याला ते अजून शिकायचं आहे त्याला व्हिडिओ देऊन सोडून दिलं की तो बुडतो.

मग मंगोलियाच्या पोराचं काय, असं कोणीतरी विचारेलच, कारण हा किस्सा जगभर सांगितला जातो. २०१२ मध्ये एमआयटीचा सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला ऑनलाइन कोर्स झाला, अनंत अगरवाल यांचा, १,५५,००० लोकांनी नाव नोंदवलं, ७,१५७ जणांनी सर्टिफिकेट मिळवलं आणि ३४० जणांना पैकीच्या पैकी मार्क पडले. त्या ३४० मध्ये उलानबातरचा १५ वर्षांचा बटुशिग म्यांगनबयार होता. पुढे त्याला एमआयटीतच प्रवेश मिळाला. बघा, फुकट कोर्सची कमाल! कमाल आहेच, मी नाही म्हणत नाही. पण सांगताना एक भाग नेहमी गळतो. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकून आलेले होते, हा कोर्स शाळेत त्यांनीच आणला, आणि त्यांचा स्टॅनफर्डचा एक मित्र इलेक्ट्रॉनिक्सचं सामान सोबत घेऊन मंगोलियात गेला आणि पोरांना हाताने सर्किट जोडायला शिकवत राहिला. म्हणजे पोरगा हुशार होताच, पण तो एकटा मोबाइल घेऊन बसलेला नव्हता. त्याच्यापुढे एमआयटीचा व्हिडिओ होता आणि बाजूला सर्किट जोडायचा ब्रेडबोर्ड आणि माणूस होता.

आता पैशाचं. फुकट देणाऱ्यालाही सर्व्हर लागतो, शूटिंग लागते, माणसं लागतात. सुरुवातीची काही वर्षं गुंतवणूकदारांचा आणि विद्यापीठांचा पैसा होता म्हणून सगळंच मोकळं होतं, सर्टिफिकेटसुद्धा फुकट मिळायचं. मग हळूहळू एकेक गोष्ट कुलुपात गेली. आधी सर्टिफिकेटला पैसे लागायला लागले, मग असाइनमेंट तपासून हवी तर पैसे, आणि २०१८ च्या शेवटी एडएक्सनेही फुकटवाल्यांसाठी मार्कांच्या असाइनमेंट बंद केल्या आणि कोर्स बघायला मुदत घातली. कोर्सेरा मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात उतरली. त्याच वर्षी हार्वर्ड आणि एमआयटीने एडएक्स टूयू नावाच्या कंपनीला ८० कोटी डॉलरला विकून टाकली, आणि त्या टूयूने जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. युडॅसिटी २०२४ मध्ये अॅक्सेंचरकडे गेली. कंपन्यांना शेवटी पैसा कुठे सापडला, तर नोकरी करणाऱ्यांच्या स्किल कोर्समध्ये आणि ऑनलाइन डिग्र्यांमध्ये. त्यातलं एक उदाहरण मात्र खरंच चांगलं आहे, जॉर्जिया टेकने २०१४ मध्ये कॉम्प्युटर सायन्सची ऑनलाइन मास्टर्स सुरू केली, पूर्ण डिग्री ७,००० डॉलरच्या आसपास. ती फुकट नाही, पण अमेरिकन डिग्रीच्या मानाने फार स्वस्त, आणि तिथे पेपर तपासायला माणसं ठेवलेली आहेत, म्हणून ती टिकली असं माझं मत.

शिवाय दुसऱ्याच्या देशातला फुकट कोर्स म्हणजे त्या देशाचा कायदाही सोबत येतो. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकन निर्बंधांमुळे कोर्सेराला इराण, सुदान, क्युबा आणि सीरियातल्या विद्यार्थ्यांना कोर्स बंद करावे लागले, चालू कोर्सच्या मध्येच. आपल्यावर तशी वेळ आलेली नाही, पण सगळी अंडी एकाच ठिकाणी ठेवू नयेत हे बरं.

आपल्याकडची रचना वेगळी आहे आणि मला ती बऱ्याच बाबतीत जास्त शहाणपणाची वाटते. ९ जुलै २०१७ ला, गुरुपौर्णिमेच्या दिवशी, केंद्र सरकारचं स्वयम हे ऑनलाइन कोर्सचं पोर्टल सुरू झालं. सोबत स्वयंप्रभा नावाचे ३२ टीव्ही चॅनेल, ज्यांच्याकडे नेट नाही त्यांच्यासाठी डिशवर. स्वयमवर आयआयटीचे कोर्स एनपीटीईएलमार्फत येतात, शाळेचे एनसीईआरटी आणि एनआयओएसमार्फत, इग्नूचे वेगळे, असं वाटून दिलेलं आहे. कोर्स बघणं, असाइनमेंट सोडवणं, त्या तपासून मिळणं, फोरमवर विचारणं, हे सगळं खरोखर फुकट. पैसे लागतात ते फक्त शेवटच्या परीक्षेचे, एनपीटीईएलला एका कोर्सचे १,००० रुपये, आणि ती परीक्षा घरी बसून नाही तर सेंटरवर जाऊन, आयकार्ड दाखवून, दुसऱ्याच्या नजरेखाली द्यावी लागते. इथेच खरा फरक आहे. घरी बसून मिळालेल्या सर्टिफिकेटवर कोणी कितपत विश्वास ठेवावा? हार्वर्ड आणि एमआयटीच्याच संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं होतं की काही लोक दोन अकाउंट काढतात, एकातून चुकीची उत्तरं टाकून बरोबर उत्तरं काढून घेतात आणि दुसऱ्यातून ती भरतात, त्यांनी तपासलेल्या सर्टिफिकेटांपैकी १.३ टक्के अशी निघाली. हे चॅटजीपीटीच्या आधीचं सांगून राहिलो. आता तर दुसरं अकाउंटही लागत नाही.

सेंटरवरच्या परीक्षेमुळे क्रेडिट देता येते. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार एका सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्सचे क्रेडिट स्वयमवरून घेता येतात, आधी ही मर्यादा २० टक्के होती. अर्थात कॉलेजने आणि विद्यापीठाने मान्य केलं तर, त्यामुळे नाव नोंदवण्याआधी आपल्या विभागात विचारून घ्या, नंतर सर्टिफिकेट घेऊन ऑफिसच्या चकरा मारू नका.

पण नियमाने क्रेडिट जोडले की पोरं शिकतातच असं समजायचं कारण नाही. एनपीटीईएलची आठवड्याची असाइनमेंट साधारण बुधवारी रात्री १२ च्या आत टाकायची असते. बुधवारी रात्री साडेदहाला यूट्यूब उघडा आणि कोर्सचं नाव टाकून पुढे आठवड्याचा नंबर टाका. दहा चॅनेल निघतात, उत्तरं पिवळ्या रंगाने मारलेली, खाली कमेंट्समध्ये "भाई सातवा प्रश्न चुकला आहे", "नाही भाई बरोबर आहे, ९० टक्के शुअर", आणि कोणीतरी हात जोडून "भाऊ आठव्या आठवड्याचं कधी टाकणार". वर्गाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर अकराला स्क्रीनशॉट, अकरा पाचला चाळीस जणांची असाइनमेंट जमा. दुसऱ्या दिवशी मला यादीत दिसते की ४० पैकी ३८ जणांना दहापैकी नऊ, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न चुकलेला, तोच सातवा. असाइनमेंटला २५ टक्के वजन आहे आणि परीक्षेला ७५, दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागते, त्यामुळे सेंटरवर बसल्यावर दूध का दूध होऊन जाते. कितीतरी पोरं मग परीक्षेचं नावच नोंदवत नाहीत. काही कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकसाठी, रँकिंगसाठी आकडे दाखवायचे असतात म्हणून अख्ख्या वर्गाला एकाच कोर्सला बसवतात, त्याचं फळ हे असं निघते.

भाषेचा अडथळा वेगळाच. काटोल, उमरेड, कुही, पवनीकडून येणारी पोरं बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात, विषय त्यांना कळतो पण प्रोफेसर इंग्रजीत भराभर बोलायला लागले की पहिल्या पाच मिनिटात सुटते. सबटायटल लावलं तर मशीनने टाइप केलेलं असते, टेक्निकल शब्द आला की काहीतरी भलतंच. एनपीटीईएलच्या बऱ्याच कोर्सच्या लेक्चरची भाषांतरं मराठीत पण आहेत हे कित्येकांना माहीतच नाही, साइटवर शोधा, मिळतात. आणि फुल एचडीत तासाभराचं लेक्चर पाहिलं की दिवसाचा दीड जीबी उडाला, मग रात्री असाइनमेंट कशी टाकणार, म्हणून डाउनलोड करून कमी क्वालिटीत बघायची सवय लावा.

या बाबतीत मला आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल फार आवडते आणि त्याची चर्चा मात्र सगळ्यात कमी. दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, लिब्रे ऑफिस, पायथन, सी, लिनक्स अशा फुकट सॉफ्टवेअरचे. आवाज मराठीत आहे आणि स्क्रीनवरची बटणं, मेनू इंग्रजीतच ठेवलेले आहेत, मुद्दाम, कारण पुढे नोकरीत कॉम्प्युटर इंग्रजीतच असणार. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर उघडायचं, व्हिडिओतली बाई बोलली की थांबवायचं, स्वतः करायचं, मग पुढे. नेट नसलं तरी चालते, आधी डाउनलोड करून ठेवता येते. माझ्या वहिनींनी त्यावरून स्प्रेडशीट शिकली आणि आता बचत गटाचा हिशेब त्याच ठेवतात. त्यात कुठे हार्वर्ड नाही, पण जो माणूस बसणार आहे तो डोळ्यापुढे ठेवून ते बनवलं आहे.

अजून एक गोष्ट सांगण्यासारखी. फुकट बघायला मिळणं आणि आपलं करून वापरता येणं यात फरक आहे. एमआयटीच्या ओपन कोर्सवेअरचं लायसन्स असं आहे की नाव द्या, विकू नका, आणि तुम्ही बनवलेलंही त्याच अटींवर खुलं ठेवा, एवढं केलं की त्या नोट्स मराठीत करायला कोणाची परवानगी लागत नाही. कोर्सेरावरच्या कोर्सचं तसं करता येत नाही. मराठीत काही करायची इच्छा असणाऱ्या मास्तर लोकांनी ही वाट धरायला हरकत नाही.

मग कोर्स पूर्ण कसा होतो? पोरांना रिमाइंडर पाठवा, वेळापत्रक लिहून घ्या, हे उपाय मोठ्या प्रमाणावर तपासून झाले आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अडीच वर्षं, जवळपास २५० कोर्स आणि अडीच लाख विद्यार्थ्यांवर असे छोटे छोटे उपाय करून पाहिले, सुरुवातीच्या एकदोन आठवड्यांत थोडा फरक पडला आणि मग विरून गेला. मला आमच्याकडे एकच गोष्ट चालताना दिसली. शनिवारी दुपारी लॅब रिकामी असते. चार-पाच पोरं-पोरी तिथे प्रोजेक्टर लावून मशीन लर्निंगचं लेक्चर बघतात, दर तीन मिनिटांनी कोणीतरी "थांब थांब" करते. ग्रेडियंट डिसेंटवर, म्हणजे चूक पायरीपायरीने कमी करत नेायच्या पद्धतीवर, गाडी अडली होती, सर काय म्हणून राहिले कोणालाच कळेना. त्यातली एक काटोलकडची पोरगी उठली, फळ्यावर दरीसारखी एक रेघ काढली, तिच्यावर एक टिंब ठेवला आणि म्हणाली, "उतार कोन्या बाजूनं आहे ते पाह्य, तिकडं एक पाऊल टाक, परत पाह्य, परत टाक. पाऊल लय मोठं टाकलं त दरीच्या पलीकडं जाशीन." लर्निंग रेट म्हणजे हे पाऊल जास्त मोठं ठेवलं तर काय होते हे मी पण इतकं सरळ सांगितलं नसतं. त्या गटातल्या सगळ्यांनी परीक्षा दिली. अख्ख्या वर्गाला बसवलेल्या कोर्सचा निकाल मी इथे लिहीत नाही.

तेव्हा कोणी विचारलं तर मी सांगतो की कोर्स निवडायच्या आधी दोन जण सोबतीला निवडा. एका वेळी एकच कोर्स घ्या, चार घेऊ नका, बारा आठवड्यांचा झेपत नसेल तर चार आठवड्यांचा घ्या. पहिल्या आठवड्याचा व्हिडिओ नाव नोंदवायच्या आधीच बघून टाका, आवाज, वेग, उच्चार झेपतो का ते पहा. प्रोग्रामिंग शिकायचं असेल आणि इंग्रजी चालत असेल तर हार्वर्डचा सीएस५० घ्या, डेव्हिड मालन शिकवतात, त्यांच्या स्वतःच्या साइटवरून केला तर सर्टिफिकेटही फुकट आहे, आणि शेवटी स्वतःचा प्रोजेक्ट बनवावा लागतो. मुलाखतीत तो प्रोजेक्ट उघडून दाखवा, सर्टिफिकेटची फाइल जाडी करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. मिहानमधल्या कंपन्यांत गेलेली आमची पोरं हेच सांगतात, सर्टिफिकेट बघतात, बाजूला ठेवतात आणि विचारतात, यात तू काय केलंस?

आणि एनपीटीईएल करत असाल तर एवढं लक्षात ठेवा की कोर्सची नोंदणी वेगळी आणि परीक्षेची नोंदणी वेगळी. परीक्षेचा फॉर्म मध्येच कधीतरी उघडतो, मेल येतो, तो प्रमोशनच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतो आणि पोरं मुदत संपल्यावर माझ्याकडे येतात. त्यात माझ्या हातात काहीच नसते. फॉर्म भरताना सर्टिफिकेटवर हवं तसंच नाव टाका, शहर नागपूर निवडा, आणि एससी, एसटी किंवा दिव्यांग असाल तर फीमध्ये सवलत आहे, तिचं प्रमाणपत्र आधीच स्कॅन करून ठेवा.